पिट्युटरीबाहेरच्या गाठीमुळे होणारं कुशिंग सिंड्रोम: तपासण्यांचा क्रम, गाठीचा शोध आणि तोवर रुग्णाला सांभाळणं

किडनीच्या डोक्यावर बसलेल्या दोन अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार करतात. किती करायचं हे त्यांना एसीटीएच नावाचं हार्मोन सांगतं, आणि निरोगी माणसात ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीतून येतं. अ‍ॅड्रिनल मात्र एसीटीएच कुठून आलं ते बघत नाही. फुफ्फुसातली, छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीतली किंवा स्वादुपिंडातली एखादी गाठ ते हार्मोन सोडू लागली, तरी अ‍ॅड्रिनल त्याच इमानाने कॉर्टिसॉल ओतत राहते. असं कॉर्टिसॉल दीर्घकाळ जास्त राहिल्याने जो आजार होतो तो कुशिंग सिंड्रोम. खरी पिट्युटरी बिचारी गप्प होते. कॉर्टिसॉल भरपूर दिसत असल्यामुळे तिला वाटतं, आपलं काम झालेलं आहे. ती गप्प झाल्याचा उपयोग पुढे निदानात होतो.

हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये या आजाराचा संबंध पिट्युटरीतल्या गाठींशी जोडला. त्याच्या चार वर्षं आधीच, १९२८ मध्ये, डब्ल्यू. एच. ब्राउन यांनी फुफ्फुसाच्या कर्करोगासोबत हीच लक्षणं असलेली एक स्त्री नोंदवली होती. औषधांमुळे झालेले रुग्ण वगळले, तर कुशिंगच्या साधारण ८० टक्के रुग्णांत एसीटीएच वाढलेलं किंवा दबायला हवं तिथे न दबलेलं असतं, आणि त्यातल्या १० ते २० टक्क्यांत ते पिट्युटरीबाहेरून येतं. बाकी सुमारे २० टक्क्यांत दोष थेट अ‍ॅड्रिनलमध्येच असतो.

या आजारात सगळ्यात महाग पडते ती क्रमाची चूक. आधी स्कॅन आणि मग रक्त असं झालं, की स्कॅनमध्ये काहीतरी दिसतंच. पिट्युटरीत ५ मिलिमीटरचा ठिपका, अ‍ॅड्रिनलला सूज, फुफ्फुसात जुना डाग. मग त्या 'काहीतरी'वर ऑपरेशन होतं आणि आजार आहे तिथेच राहतो. म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने चढाव्यात. क्रम मोडायची मुभा एकाच परिस्थितीत आहे, ती पुढे येईलच.

सुरुवात औषधांच्या पिशवीपासून

कॉर्टिसॉलची एकही तपासणी लिहिण्याआधी रुग्णाला घरातली सगळी औषधं, मलमं, पुड्या आणि काढे पिशवीत भरून आणायला सांगावं. 'तुम्ही स्टेरॉइड घेता का' या प्रश्नाला बहुतेक जण प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण त्यांना ते माहीतच नसतं. गजकर्ण-नायट्यासाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या मलमात क्लोबेटासोल असतं. चेहरा उजळवणाऱ्या क्रीममध्ये मोमेटासोन असतं. गुडघ्यात दिलेलं इंजेक्शन ट्रायअ‍ॅमसिनोलोनचं असू शकतं. सांधेदुखी, दमा किंवा वजन वाढवण्यासाठी मिळणाऱ्या नावगाव नसलेल्या पुड्यांत डेक्सामेथासोन मिसळलेलं सापडतं. दम्याच्या पंपातलं फ्लुटिकासोन एरवी फारसं रक्तात उतरत नाही. पण सोबत बुरशीवरचं इट्राकोनाझोल किंवा एचआयव्हीवरचं रिटोनाविर चालू असेल, तर तेही साचत जातं.

अशा रुग्णाचा चेहरा गोल, पोट सुटलेलं, पण रक्तातलं कॉर्टिसॉल आणि एसीटीएच दोन्ही कमी, असं चित्र असेल तर स्टेरॉइड बाहेरून येतंय हे जवळजवळ पक्कं. फसवणारा अपवाद प्रेडनिसोलोन आणि हायड्रोकॉर्टिसोनचा: नेहमीच्या तपासणीत ही औषधं कॉर्टिसॉल म्हणूनच मोजली जाऊ शकतात. स्टेरॉइड सापडलं तर ते एका दिवसात बंद करू नये. झोपी गेलेल्या अ‍ॅड्रिनलला जागं व्हायला वेळ लागतो. मधल्या काळात रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं.

शंका कधी घ्यावी

पुस्तकातलं कुशिंग म्हणजे चंद्रासारखा चेहरा, मानेमागे चरबीचा उंचवटा, पोटावर जांभळे रुंद वळ. पिट्युटरीबाहेरच्या गाठींत हे चित्र दोन टोकांना जातं. फुफ्फुसातल्या छोट्या, हळू वाढणाऱ्या कार्सिनॉइड गाठीत ते तसंच्या तसं, वर्षानुवर्षं दिसतं आणि पिट्युटरीच्या आजारापासून नुसत्या डोळ्यांनी वेगळं काढता येत नाही. फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगात मात्र सगळं काही आठवड्यांत घडतं. चरबी साचायला वेळच मिळत नाही. उलट वजन उतरतं, पायावर सूज येते, रक्तदाब तीन गोळ्यांनाही दाद देत नाही, साखर अचानक ३००च्या वर जाते.

दवाखान्यात तपासता येतील अशा दोन गोष्टी फार उपयोगी पडतात. रुग्णाला उकिडवं बसवून हाताचा आधार न घेता उठायला सांगावं. मांड्यांचे स्नायू झिजले असतील तर तो पुढे झुकतो, टेबल धरतो. दुसरी गोष्ट काळेपणा. एसीटीएच खूप वाढलं की त्वचा काळवंडते, पण आपल्याकडच्या सावळ्या वर्णात ते 'ऊन लागलं' म्हणून सुटून जातं. म्हणून हिरड्या, गालाची आतली बाजू, तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे आणि अलीकडच्या जखमांचे व्रण बघावेत, आणि आधार कार्डावरच्या फोटोशी चेहरा ताडून पाहावा.

तिसरी खूण रक्तात मिळते: पोटॅशियम. किडनीत ११-बीटा-एचएसडी-२ हे एन्झाइम कॉर्टिसॉलला निष्क्रिय करत असतं, म्हणून एरवी कॉर्टिसॉल तिथे अल्डोस्टेरॉनचं, म्हणजे मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनचं, काम करत नाही. कॉर्टिसॉलचा पूर आला की ते एन्झाइम अपुरं पडतं, मीठ शरीरात अडतं आणि पोटॅशियम लघवीवाटे वाहून जातं. पिट्युटरीच्या आजारात असं सुमारे १० टक्के रुग्णांत होतं, बाहेरच्या गाठींत बहुसंख्य रुग्णांत. नव्याने वाढलेली साखर, हट्टी रक्तदाब आणि ३.५च्या खालचं पोटॅशियम एकाच माणसात एकाच वेळी दिसलं, की कॉर्टिसॉल तपासलंच पाहिजे.

पहिली पायरी: कॉर्टिसॉल खरंच जास्त आहे का

सकाळी एकदा काढलेलं नुसतं कॉर्टिसॉल इथे निरुपयोगी आहे; ते निरोगी माणसातही सकाळी जास्तच असतं. तीन तपासण्या कामाच्या आहेत आणि त्यांपैकी किमान दोन बिघडलेल्या यायला हव्यात.

डेक्सामेथासोनची एका रात्रीची तपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त.

१. रात्री ११ ते १२ च्या दरम्यान डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम घ्यायचं. आपल्याकडे ०.५ मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते, म्हणजे दोन गोळ्या. ४ मिलिग्रॅमचीही मिळते, त्यामुळे पाकिटावरचा आकडा वाचूनच घ्यावी.
२. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते ९ मध्ये रक्त द्यायचं. अकरा वाजता दिलेलं रक्त चालत नाही.
३. कॉर्टिसॉल प्रति डेसिलिटर १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर तपासणी नॉर्मल. त्याहून जास्त म्हणजे दबायला हवं होतं ते दबलं नाही.

चुका कुठे होतात? क्षयावरचं रिफाम्पिसिन, फिटवरचं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर लिव्हर डेक्सामेथासोन झपाट्याने संपवतं आणि निरोगी माणूसही आजारी ठरतो. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि आकडा फुगतो; गोळ्या सहा आठवडे बंद ठेवून मगच तपासणी करावी. इट्राकोनाझोल उलट्या दिशेने फसवतं.

चोवीस तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल किमान दोनदा मोजावं. सकाळी सातला सुरुवात करायची असेल तर सातला झालेली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये. शौचाला जातानाची लघवी बहुतेकांची इथेच निसटते, म्हणून आधी कॅन, मग शौच. दुसऱ्या दिवशी सातची लघवी कॅनमध्ये घालून थांबायचं. कॅन फ्रीजमध्ये किंवा बर्फात ठेवावा. त्याच नमुन्यात क्रिएटिनिनही मागवावं: दोन वेळच्या एकूण क्रिएटिनिनमध्ये मोठी तफावत असेल तर एकदा गोळा करण्यात चूक झालेली आहे. दिवसाला पाच लिटर पाणी पिणाऱ्याचा आकडा खोटा वाढतो, आणि किडनी निकामी होत आलेल्या माणसात ही तपासणी खोटी कमी येते.

रात्री अकरा-बाराच्या लाळेतलं कॉर्टिसॉल ही तिसरी तपासणी. दोन वेगवेगळ्या रात्री करावी. अर्धा तास आधीपासून खाणं, दात घासणं बंद, कारण हिरडीतून आलेल्या रक्ताने नमुना बिघडतो. तंबाखू आणि मिश्री त्या दिवशी पूर्ण टाळावी. घसा किंवा आम्लपित्तासाठी ज्येष्ठमध चालू असेल तर तेही आधी बंद करावं: त्यातला घटक वर सांगितलेलं ११-बीटा-एचएसडी-२ अडवतो, लाळेतलं कॉर्टिसॉल खोटं वाढवतो आणि वर पोटॅशियमही पाडतो, म्हणजे नक्कल अगदी बेमालूम. रात्रपाळी करणाऱ्यांत ही तपासणी करूच नये.

तीव्र नैराश्य, दारूचं व्यसन, अनियंत्रित मधुमेह यांत कॉर्टिसॉल थोडं वाढतं. ते सांभाळल्यावर पुन्हा तपासावं. काही कार्सिनॉइड गाठी तर पाळीपाळीने हार्मोन सोडतात. लक्षणं ठसठशीत आणि रिपोर्ट नॉर्मल असेल तर विषय संपवू नये. सूज आणि अशक्तपणा पुन्हा वाढेल त्याच आठवड्यात नमुने घ्यावेत.

दुसरी पायरी: एसीटीएच, आणि नळीचा प्रवास

सकाळी ८-९ चं एसीटीएच प्रति मिलिलिटर २० पिकोग्रॅमच्या वर असेल तर आजार एसीटीएचमुळे आहे: पिट्युटरी किंवा बाहेरची गाठ. पाचच्या खाली, कित्येक लॅबमध्ये दहाच्या खाली, असेल तर दोष अ‍ॅड्रिनलमध्ये. मधला आकडा आला तर पुन्हा मोजावं.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि तो डॉक्टरच्या टेबलावर नाही तर कलेक्शन सेंटरवर होतो. एसीटीएच रक्तात झपाट्याने विघटन पावतं. जांभळ्या टोपीची ईडीटीए नळी आधीच बर्फात गार केलेली हवी, रक्त भरताच ती पुन्हा बर्फात जायला हवी, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये लवकर फिरवून प्लाझ्मा वेगळा करून गोठवायला हवा. तालुक्याच्या गावी सकाळी आठला काढलेली नळी बाकीच्या नळ्यांबरोबर खोक्यात पडून दुपारच्या गाडीने मोठ्या शहरात गेली, तर ६० चा आकडा १० होऊ शकतो. रिपोर्टवर याची कुठेही खूण नसते. जिथे मशीन आहे तिथेच जाऊन रक्त द्यावं हे उत्तम. ते जमत नसेल तर 'सेंट्रिफ्यूज इथे आहे का आणि नमुना गोठवून पाठवता का' हे सेंटरवर विचारून मगच हात पुढे करावा.

केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या दुसरी गडबड करतात. अनेक मशीन बायोटिनच्या रसायनावर चालतात. रक्तात ते जास्त असलं की तशा मशीनवर एसीटीएच खोटं कमी आणि कॉर्टिसॉल खोटं जास्त येतं. म्हणजे गरम राहिलेली नळी आणि केसांची गोळी दोन्ही एकाच चुकीच्या दिशेला ढकलतात: 'एसीटीएच कमी, म्हणजे अ‍ॅड्रिनलचाच दोष'. मग पोटाचा सीटी होतो. एसीटीएचच्या माऱ्याने दोन्ही अ‍ॅड्रिनल सुजलेल्या असतातच, त्यातल्या त्यात गाठाळ दिसते ती एक काढून टाकली जाते, आणि छातीतली गाठ शाबूत राहते. बायोटिन किमान तीन दिवस आधी थांबवावं. पोटॅशियम कमी, त्वचा काळवंडलेली आणि तरीही एसीटीएच कमी, असा विसंगत रिपोर्ट आला तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी दुसऱ्या लॅबमध्ये रक्त द्यावं.

तिसरी पायरी: पिट्युटरी की बाहेर

एसीटीएच वाढलेल्या रुग्णांत बहुतेकांचा दोष पिट्युटरीतच असतो, तरुण स्त्रियांत तर १० पैकी ९ वेळा किंवा त्याहून जास्त. म्हणून आधी पिट्युटरीचा कॉन्ट्रास्टसह एमआरआय करतात. पण तो दोन्हीकडून फसवतो: पिट्युटरीतला आजार असूनही एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांत काही दिसत नाही, आणि साधारण दहातल्या एका निरोगी माणसात निरुपद्रवी ठिपका दिसतो. २०२१ मध्ये पिट्युटरी सोसायटीच्या पुढाकाराने ठरलेल्या तज्ज्ञमतानुसार १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ असेल तर तीच कारण धरावी, ६ मिलिमीटरच्या खाली किंवा काहीच नसेल तर पिट्युटरीच्या शिरांतून नमुने घ्यावेत. ६ ते ९ च्या मधल्या गाठींबद्दल तज्ज्ञांतच एकमत नाही. आमचा कल नमुने घेण्याकडे आहे, खासकरून पोटॅशियम कमी असेल किंवा आजार झपाट्याने वाढला असेल तर.

८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची तपासणी अजूनही अनेक ठिकाणी लिहून दिली जाते. कॉर्टिसॉल निम्म्याहून खाली आलं तर पिट्युटरी, नाहीतर बाहेरची गाठ, असा तिचा हिशोब. फुफ्फुसातल्या कार्सिनॉइड गाठी मात्र पुष्कळदा पिट्युटरीसारख्याच दबतात, त्यामुळे केवळ तिच्यावर ऑपरेशन ठरवू नये.

निर्णायक तपासणी म्हणजे दोन्ही बाजूंच्या इन्फिरियर पेट्रोसल सायनसमधलं सॅम्पलिंग. जांघेतल्या दोन्ही शिरांतून बारीक कॅथेटर वर नेऊन पिट्युटरीचं रक्त जिथे उतरतं तिथे ठेवतात. तिथलं आणि हातातलं एसीटीएच एकाच क्षणी मोजतात. मग सीआरएच (पिट्युटरीला एसीटीएच सोडायला लावणारं हार्मोन) किंवा, ते मिळत नसेल तर, १० मायक्रोग्रॅम डेस्मोप्रेसिन शिरेतून देऊन ३, ५ आणि १० मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा हाताच्या दुप्पट, किंवा औषधानंतर तिप्पट असेल तर उगम पिट्युटरीत. दोन्ही जागी साधारण सारखाच असेल तर बाहेर. मुंबईचं केईएम, चंडीगडचं पीजीआय, दिल्लीचं एम्स, वेल्लोरचं सीएमसी अशा मोजक्या ठिकाणी हे काम होतं आणि ते नेहमी करणाऱ्या हातांनीच करून घ्यावं. जांघेत रक्त साकळणं हा नेहमीचा त्रास. मेंदूला इजा होणं फार दुर्मीळ, पण नोंदलेलं आहे.

या तपासणीचा सगळा आधार निरोगी पिट्युटरी झोपलेली असण्यावर आहे. आधीच केटोकोनाझोल देऊन कॉर्टिसॉल नॉर्मलला आणलेलं असेल, किंवा गाठीचा शांत काळ चालू असेल, तर पिट्युटरी जागी होते, तिथलं एसीटीएच वाढतं आणि बाहेरची गाठ असूनही उत्तर 'पिट्युटरी' येतं. म्हणून त्या आठवड्यात कॉर्टिसॉल जास्त आहे हे लाळ किंवा लघवी तपासून आधी खात्री करायची. उलट चूक कॅथेटर नीट न बसल्याने होते. त्याच नमुन्यांत प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचंच दुसरं हार्मोन मोजलं असेल तर कॅथेटर खरंच पिट्युटरीच्या रक्तात होता का हे नंतरही कळतं. प्रोलॅक्टिनची नळी आठवणीने मागून घ्यावी.

चौथी पायरी: गाठ नेमकी कुठे

आता स्कॅनची पाळी. मानेपासून ओटीपोटापर्यंत कॉन्ट्रास्टसह सीटी, छातीचे काप एक मिलिमीटरचे. अपराधी बहुतेक वेळा छातीत सापडतो: फुफ्फुसातली कार्सिनॉइड, स्मॉल सेल कर्करोग, थायमसची गाठ. त्यानंतर स्वादुपिंड, थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग आणि अ‍ॅड्रिनलमधली फिओक्रोमोसायटोमा. फुफ्फुसातली कार्सिनॉइड कित्येकदा एक सेंटिमीटरहून लहान, फुफ्फुसाच्या मधल्या भागात रक्तवाहिनीला चिकटून असते आणि पाच मिलिमीटरच्या कापात रक्तवाहिनीचाच फाटा वाटते. रेडिऑलॉजिस्टकडे पाठवताना चिठ्ठीवर नुसतं 'छातीचा सीटी' न लिहिता 'एसीटीएच सोडणाऱ्या लहान गाठीचा शोध' असं लिहावं. काय शोधायचं ते माहीत असलं की डोळा तिथे थांबतो.

सीटीसोबत गॅलियम-६८ डोटाटेट किंवा डोटानॉक पेट-सीटी करावा; यातलं औषध गाठीवरच्या सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनच्या रिसेप्टरना चिकटतं आणि गाठ उजळते. प्रकाशित रुग्णांच्या एकत्रित आढाव्यात त्याने सुमारे ८० टक्के गाठी दाखवल्या, नुसत्या सीटीने सुमारे ६६ टक्के. साखरेवर चालणारा नेहमीचा एफडीजी पेट हळू वाढणाऱ्या गाठींत कमी पडतो, झपाट्याने वाढणाऱ्यांत चालतो. पेट आणि पातळ कापांचा सीटी एकमेकांशेजारी ठेवूनच वाचावेत. क्षयाच्या जुन्या ग्रंथी, न्यूमोनियाचा डाग, जादाची प्लीहा, स्वादुपिंडाच्या डोक्याचा खालचा भाग हेही पेटमध्ये उजळतात, आणि आपल्याकडे क्षयाचे डाग काही कमी नाहीत. दुसरीकडे, कॉर्टिसॉल फार जास्त असताना गाठीवरचे सोमॅटोस्टॅटिनचे रिसेप्टर कमी होतात. पहिला पेट कोरा आला तरी कॉर्टिसॉल काबूत आल्यावर केलेल्या पुढच्या पेटमध्ये तीच गाठ कधी कधी दिसते.

रक्तात कॅल्सिटोनिन (मेड्युलरी थायरॉइड कर्करोगाची खूण) आणि प्लाझ्मा मेटानेफ्रिन्स (फिओक्रोमोसायटोमाची खूण) मोजावेत. मेटानेफ्रिन्स सुई घालण्याआधी किंवा भूल देण्याआधीच, कारण फिओक्रोमोसायटोमाला न कळत हात लावला तर टेबलावर रक्तदाब भडकतो. क्रोमोग्रॅनिन-ए ही अशा गाठींची रक्तातली खूण पॅन्टोप्राझोलसारख्या आम्लपित्ताच्या गोळ्यांनीही वाढते, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवू नये.

क्रम कधी मोडायचा

पोटॅशियम ३ च्या खाली, रक्तातलं कॉर्टिसॉल ३६ मायक्रोग्रॅमच्या वर, किंवा लघवीतलं कॉर्टिसॉल कमाल मर्यादेच्या पाच-दहा पट, किंवा रुग्ण भ्रमिष्टासारखा वागतोय, जंतुसंसर्ग झालाय, चालता येत नाही: अशा वेळी सॅम्पलिंगच्या तारखेची वाट पाहू नये. एसीटीएच आणि कॉर्टिसॉलचे नमुने घेऊन त्याच दिवशी उपचार सुरू करावेत. असे रुग्ण गाठीमुळे दगावण्याआधी संसर्ग, फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी किंवा आतडं फुटणं यांनी दगावतात.

पोटॅशियमची कमतरता शहाळ्याच्या पाण्याने भरून निघत नाही. बाजारातल्या पोटॅशियम क्लोराइड सिरपच्या १५ मिलिलिटरमध्ये साधारण २० मिलिइक्विव्हॅलंट असतं. ते जेवणानंतर ग्लासभर पाण्यात मिसळून, दिवसातून किती वेळा ते रोजच्या रिपोर्टवर ठरवून. सोबत स्पायरोनोलॅक्टोन रोज १०० मिलिग्रॅम किंवा अधिक. मॅग्नेशियम कमी असेल तर ते भरल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही. प्रतिकारशक्ती दबल्यावर होणारा न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळण्यासाठी को-ट्रायमॉक्साझोल सुरू करावं. पण ते आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही पोटॅशियम वाढवतात, त्यामुळे कॉर्टिसॉल उतरू लागलं की एक-दोन दिवसांआड रक्त तपासावं. रक्तस्रावाचा धोका नसेल तर रक्ताच्या गुठळ्या रोखणारं एनोक्सापॅरिनचं इंजेक्शन द्यावं. साखरेसाठी इन्सुलिन.

कॉर्टिसॉल उतरवायला आपल्याकडे बहुधा केटोकोनाझोल हाताशी असतं: दिवसाला ४०० ते ६०० मिलिग्रॅम दोन-तीन वेळांत विभागून, गरजेप्रमाणे १२०० पर्यंत. ते पोटातल्या आम्लातच विरघळतं. पॅन्टोप्राझोल चालू ठेवलं तर औषध घेऊनही गुण येत नाही. लिव्हरच्या तपासण्या सुरुवातीला दर आठवड्याला, आणि सोबतच्या प्रत्येक गोळीशी, विशेषतः सिम्व्हास्टॅटिनसारख्या स्टॅटिनशी, त्याचं जमतं का ते बघणं आवश्यक. मेटिरापोन काही तासांत काम सुरू करतं, पण सहज मिळत नाही; शिवाय त्याने साचणारा पदार्थ काही मशीन कॉर्टिसॉल म्हणून मोजतात. ओसिलोड्रोस्टॅट नवं, जोरकस आणि महाग आहे. तोंडाने काही घेता येत नसेल तर आयसीयूत एटोमिडेटचं ठिबक, तासाला प्रतिकिलो ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे भूल येणार नाही इतपत. मिफेप्रिस्टोन कॉर्टिसॉलचं काम अडवतं, पातळी उतरवत नाही, त्यामुळे ते चालू असताना कॉर्टिसॉलचा आकडा बघून काहीच ठरवता येत नाही.

कॉर्टिसॉल झपाट्याने उतरल्यावर काही दिवसांत दम लागायला लागला तर तो अशक्तपणा समजू नये. दबलेली प्रतिकारशक्ती परत येताना फुफ्फुसात लपलेला न्यूमोसिस्टिस अचानक भडकतो. पोटदुखीचंही तसंच: कॉर्टिसॉल जास्त असताना आतडं फुटलं तरी पोट कडक होत नाही, ताप येत नाही. 'थोडं पोट दुखतंय' एवढ्यावरही पोटाचा सीटी करावा.

स्मॉल सेल कर्करोगात केमो आजच सुरू करायची घाई होते आणि ती समजण्यासारखी आहे. तरी रुग्णाची प्रकृती तेवढं थांबू देत असेल, तर एक-दोन आठवडे कॉर्टिसॉल उतरवून मग केमो दिल्यास पांढऱ्या पेशी घसरल्यावर होणाऱ्या जीवघेण्या संसर्गाचा धोका कमी होतो.

ऑपरेशन आणि त्यानंतरचे महिने

फुफ्फुसातल्या कार्सिनॉइडसाठी फुफ्फुसाचा तो खंड आणि आजूबाजूच्या लसीका ग्रंथी काढतात. नुसता चकतीएवढा तुकडा काढला तर ग्रंथींत गेलेली गाठ मागे राहते. दुसऱ्या दिवशी सकाळचं कॉर्टिसॉल २ च्या खाली असेल तर गाठ गेल्याची चांगली खूण. अपवाद असा की आधीच्या औषधांनी पिट्युटरी जागी झाली असेल तर आकडा एवढा खाली जात नाही, आणि मग लघवी-लाळेवरून ठरवावं लागतं.

ऑपरेशननंतर पोटॅशियम, स्पायरोनोलॅक्टोन, रक्तदाबाच्या गोळ्या आणि इन्सुलिन जुन्याच मात्रेत चालू राहणं ही नेहमीची चूक. कॉर्टिसॉल गेलं की चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत साखर आणि रक्तदाब दोन्ही घसरू शकतात. मात्रा रोज बघून कमी करावी. गुठळ्या रोखणारं इंजेक्शन मात्र घरी गेल्यावरही काही आठवडे लागतं.

हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम, मोठा वाटा सकाळी, आणि ते सहा महिने ते वर्षभर किंवा अधिकही. या काळात अंग मोडून येतं, सांधे दुखतात, कातडी सुटते, उदास वाटतं. रक्त नॉर्मल असूनही हे होतं, कारण शरीराला पूर्वीच्या पुराची सवय असते. घरच्यांना हे आधी सांगून ठेवलं नाही तर 'ऑपरेशन फसलं' असा समज होतो. ताप आला तर मात्रा दुप्पट. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन स्नायूत देऊन लगेच रुग्णालय गाठायचं. ते इंजेक्शन, सिरिंज आणि 'हा रुग्ण स्टेरॉइडवर अवलंबून आहे' अशी मराठी-इंग्रजी चिठ्ठी घरात आणि प्रवासात सोबत हवी. गोळी परस्पर बंद करायची नाही. थांबवायची वेळ सकाळच्या कॉर्टिसॉलवरून डॉक्टर ठरवतात.

गाठ सापडलीच नाही तर

साधारण दहा ते वीस टक्के रुग्णांत सगळे स्कॅन कोरे राहतात. तेव्हा औषधांनी कॉर्टिसॉल बांधून ठेवायचं आणि सीटी व डोटाटेट पेट सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा करायचे. गाठ काही वर्षांनीही सापडते. औषधं पुरत नसतील किंवा सोसत नसतील तर दुर्बिणीतून दोन्ही अ‍ॅड्रिनल काढणं हा पक्का उपाय आहे आणि तो फार उशिरा करण्यातच तोटा होतो. त्यानंतर हायड्रोकॉर्टिसोन आणि रोज सुमारे ०.१ मिलिग्रॅम फ्लुड्रोकॉर्टिसोन आयुष्यभर. अ‍ॅड्रिनल काढल्या तरी गाठ शरीरातच असते, तेव्हा स्कॅन चालूच ठेवावेत.

थायमस किंवा स्वादुपिंडाची गाठ निघाली तर मेन-१ या, अनेक हार्मोन ग्रंथींत गाठी करणाऱ्या आनुवंशिक आजाराची, मेड्युलरी थायरॉइड कर्करोग निघाला तर आरईटी जनुकाची तपासणी करावी. दोष सापडला तर भावंडं आणि मुलांनाही तपासावं लागतं. गाठ काढलेल्यांनाही बरीच वर्षं पाठपुरावा लागतो, कारण कार्सिनॉइड उशिरा परत येऊ शकते. मात्र कॉर्टिसॉल उतरल्यानंतरच्या महिन्यांत तरुण रुग्णाच्या छातीच्या सीटीत थायमस फुगलेला दिसला आणि एसीटीएच शांत असेल, तर सुरी उचलू नये. कॉर्टिसॉलच्या दाबाखाली आक्रसलेला थायमस पुन्हा भरून येतो आहे इतकंच. तीन-सहा महिन्यांनी सीटी परत करून खात्री करावी.